कोपराएवढी जागा

पहिले कॅबिनेट तिने काउंटरवर आडवे ठेवायला लावले, त्याच्या कुशीचा पत्रा उघडला आणि आत हात घातला, तेव्हा दुकानदाराला वाटले, ती पत्र्याची धार तपासते आहे. दुसऱ्यात घातला तेव्हा त्याने विचारले, आत काही पडले का. तिसऱ्यात बोटे जिथे पोहोचायला हवीत तिथे पोहोचली, पण कोपर काठाबाहेर अधांतरी राहिले. ती डोळे मिटून तशीच उभी राहिली. अनोळखी अंधाराला आपले नाव सांगून उत्तराची वाट पाहावी, तशी. मग हात बाहेर घेऊन म्हणाली, “हे नको.”

दुकान लांबट होते, बोगद्यासारखे. दोन्ही भिंतींना रिकामी कॅबिनेटे रचलेली: काळी, पांढरी, काचेच्या कुशीची, रंगीत दिव्यांच्या पंख्यांची. कॉम्प्युटरचे सगळे अवयव ज्यात बसवायचे ते हे पत्र्याचे घर लोक रंगावरून निवडत, काचेवरून निवडत, मित्राकडे कोणते आहे यावरून निवडत. हात घालून अजून कोणी निवडले नव्हते.

“चप्पल पायात घालून बघतात, मॅडम,” दुकानदार म्हणाला. “कॅबिनेट हातात घालून बघणारं गिऱ्हाईक पहिलंच.”

“चावेल का ते बघतेय,” ती म्हणाली.

मागे उभा असलेला तिचा धाकटा भाऊ हसला नाही. त्याची नजर तिच्या उजव्या हातावर होती. हात मांडीवर असला की कोणाच्या काही लक्षात येत नसे. पण एखाद्या बारीक वस्तूकडे तो निघाला की अंतर जसजसे कमी होई तसतशी त्यात थरथर भरत जाई, आणि अगदी जवळ पोहोचल्यावर बोटे पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी मोडत. दुकानदाराने ते पाहिले असावे, कारण त्याने नजर चटकन बिलांच्या गठ्ठ्याकडे वळवली. भाऊ तिच्या कानाशी येऊन म्हणाला, “ताई, हात दाखवून अवलक्षण कशाला? जोडणारे जोडून देतात.”

घरात आणि गल्लीत ती ताईच होती. वडिलांना सगळे नाना म्हणत. नाना घड्याळजी होते, आणि त्यांच्यानंतर घड्याळांचे टेबल तिने चालवले. पुढच्या खोलीत खिडकीखाली ते अजून उभे होते: छातीपर्यंत उंच, म्हणजे घड्याळ आपणहून डोळ्यांपाशी येते आणि दोन्ही हात कोपरापासून फळीवर विसावतात. मग तिच्या हातात ही थरथर आली. जिवाला धोका नव्हता, दुखणेही नव्हते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बदलल्या, आणि शेवटी याच्याशी जमवून घ्या असे सांगितले. दुसऱ्या एखाद्या धंद्यात ही थरथर चहाच्या कपापुरती राहिली असती. केसाहून बारीक कमान चिमट्यात धरणाऱ्या हाताला मात्र जमवून घेणे ठाऊक नसते. तिने गिऱ्हाइकांची घड्याळे ज्याची त्याला परत केली, आणि टेबलावर पांढरे कापड टाकले.

त्या कापडाकडे रोज पाहण्यात बरेच दिवस गेले. मग शहराबाहेरच्या एका कारखान्यातून विचारणा आली. जुन्या घड्याळांचे न मिळणारे भाग ते लोक यंत्रावर कापून बनवत. त्यांना हवी होती त्या भागांची चित्रे, दात्या-दात्याचे माप घेऊन कॉम्प्युटरवर काढलेली. नजर तिच्याकडे होती. आणि कॉम्प्युटरवर रेघ हळू करता येते, पुसता येते, थरथर गाळून घेता येते. फक्त अशा चित्रांना दमाचे यंत्र लागते, घरात होते त्या जुनाट लॅपटॉपचे ते काम नव्हे.

तयार यंत्र घेण्याचा विषय तिने पहिल्या वाक्यातच मिटवला होता. नानांचा दंडक होता: जे घड्याळ आपण उघडलेले नाही ते विकायचे नाही, आणि हातावर बांधायचेही नाही. पण दंडकाच्या आडून तिने आणखी एक गोष्ट ठरवली होती. ती तिने उच्चारली नव्हती, तरी घरात सगळ्यांना ठाऊक होती: यंत्र आपल्या हातांनी जुळले तर काम घ्यायचे, ते दुसऱ्याच्या हातांनी जुळवावे लागले तर कारखान्याला नकार कळवायचा, आणि पुन्हा कशाला हात लावायचा नाही.

दुकानदाराने तेवढ्यात एक छोटे कॅबिनेट पुढे आणले. बुटाच्या खोक्याहून थोडेसे मोठे, देखणे, करड्या रंगाचे. “हे घ्या. फळीवर बसेल. मूर्ती लहान, कीर्ती महान. आणि जोडायचं म्हणाल तर आमचा माणूस चहा होईपर्यंत जोडून देतो.”

तिने त्यात हात घातलाच नाही. ती वर पाहत होती. सर्वांत वरच्या फळीवर, छताला टेकून, एक राखाडी धूड होते. काच नाही, दिवे नाहीत. माथा सलग पत्र्याचा, हवा समोरून घेऊन मागून सोडणारा. दुकानदार म्हणाला की ते कोणी नेत नाही म्हणूनच वर आहे. ते खाली काढायला दोघे लागले. धूळ झटकून, आडवे करून त्याची कूस उघडली तेव्हा आत नुसती जागा होती. भाडेकरू निघून गेलेल्या खोलीत असते तशी, आवाज मोठा करणारी.

तिने हात आत ठेवला. कोपरासकट. पुढच्या पंख्यांपासून मदरबोर्डच्या जागेपर्यंत एवढी मोकळीक होती, की तिचा अख्खा हात तळाच्या पत्र्यावर निजला आणि बोटे नेमकी जिथे काम असणार तिथे गेली. दुकानदाराच्या काउंटरवरचा एक स्क्रू तिने उचलला आणि पत्र्यातल्या भोकाकडे नेला. थरथर आली. भोकाच्या काठावर स्क्रूने दोन-तीन वेळा टकटक केली. पण कोपर टेकलेले होते, मनगट टेकलेले होते, आणि थरथरीला उसळायला जागा उरली नव्हती. स्क्रू आत गेला.

“हे,” ती म्हणाली.

“ह्याच्यात बिऱ्हाड करायचंय का?” दुकानदार म्हणाला.

“हो. हाताचं.”

भावाने खिशातून टेप काढून कॅबिनेटची लांबी मोजली, उंची मोजली, आणि टेप बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाला की घरी जाऊन विचार करू.

*

विचार करण्यासारखे जे होते ते खोलीच्या भिंतींनीच केले होते. पुढच्या खोलीला एक भिंत दाराची, एक आतल्या घरात जाणारी, एक घड्याळांच्या काचकपाटाची. उरली खिडकीची. तिथे नानांचे टेबल, दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत खण, खाली पायांपुरती पोकळी. आणि त्या पोकळीत, फळीच्या काठाबाहेरपर्यंत ताणून बसवलेली कातड्याची झोळी. हातून निसटलेला स्क्रू, चाक, काटा जमिनीवर जाऊ नये, झोळीत पडावा म्हणून. टेबलाच्या शेजारी एक स्टूल मावत असे, त्याहून अधिक काही नाही. छोटे कॅबिनेट भिंतीवरच्या फळीवर बसले असते. मोठ्याला टेबलाची जागा हवी होती.

म्हणजे हात राहायचा तर टेबल जायचे.

भावाला हे समजले होते, आणि म्हणूनच तो रागावला होता. तो पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला होता. घड्याळांशी त्याचा संबंध एवढाच, की लहानपणी टेबलाखाली बसून तो झोळीत हात घालून हरवलेले स्क्रू शोधून देई, आणि नाना वरून त्याच्या डोक्यावर टिचकी मारीत. त्याला टेबल खिडकीखाली हवे होते. जेवताना तो बोलला ते थोडक्यात असे: छोटे घेऊ, ते मी जोडतो किंवा दुकानातून जोडून आणतो, ते फळीवर ठेवू, आणि ताई पूर्वीसारखी टेबलाशी बसेल. सगळेच राहील.

“टेबलाशी बसून काय करू?” ताईने विचारले.

“बस.”

“बसायला खुर्ची आहे घरात.”

भावजय शाळेत शिकवत असे. वाढता वाढता ती एरवी दोघांच्या भांडणाला मीठ पुरवी. तिने मान्य केले की नाकापेक्षा मोती जड आहे. एवढ्याशा खोलीत ते धूड म्हणजे बसमध्ये कपाट घेऊन चढण्यासारखे. पण नंतर तिने नवऱ्याकडे पाहून असेही म्हटले, की मोती त्यांचा, नाक त्यांचे, आपण का शिंकायचे.

भाऊ ताटावरून उठला नाही. तो उठला असता तर बरे झाले असते. अन्न चिवडत त्याने हळूच विचारले, “डॉक्टरांनी हात टेकले, ताई. टेबल दिलंस आणि मग हातानंही ऐनवेळी नाही म्हटलं, तर? ना टेबल, ना यंत्र. मग?”

हाच खरा प्रश्न होता, आणि तो तिच्या मनात कितीतरी दिवस तळाशी बसून होता. विहिरीत पडलेल्या भांड्यासारखा, वरून दिसणारा आणि हाताला न लागणारा. आता तो वर आला तेव्हा तिला वाटले होते तेवढा तो जड नव्हता.

“तर खिडकी मोकळी होईल,” ती म्हणाली. “उजेड येईल घरात.” आणि थोडे थांबून, “डॉक्टरांनी टेकले ना हात? मलाही टेकायलाच जागा हवी आहे.”

भावजयीला हसू फुटले. भावाला फुटले नाही, पण त्याने ताटातले संपवले.

दुसऱ्या दिवशी तिने लंबकाला फोन केला. लंबक म्हणजे बाजारातला घड्याळजी, नानांच्या हाताखाली शिकलेला. बोलताना मान संथपणे इकडून तिकडे नेण्याच्या सवयीवरून नानांनीच त्याला ते नाव दिले होते. तो कितीदा तरी म्हणाला होता, की टेबल कधी द्यायचे झाले तर दुसऱ्या कोणाला सांगू नका. तिने सांगितले, रविवारी संध्याकाळी घेऊन जा. फोनवरही तिला त्याची मान हलताना दिसली. मग तो म्हणाला, “ताई, नक्की?” ती म्हणाली, नक्की. शब्द दिल्यावर तो फिरवायचा नाही, हे नानांनी दोघांनाही एकाच टेबलाशी शिकवले होते.

*

राखाडी कॅबिनेट आले तेव्हा शेजारीण जिन्यात थबकली आणि म्हणाली, अरे वा, नवा फ्रीज. भावजय म्हणाली, “फ्रीज असता तर भाजी तरी राहिली असती.”

रविवारची सकाळ स्वच्छ होती. ताईने टेबलावरचे पांढरे कापड काढले, घडी केली, आणि खणात ठेवले. फळी ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या. कॅबिनेट फळीवर आडवे निजवले. ते दोन्ही टोकांना थोडे थोडे बाहेर आले, लहान खाटेवर झोपलेल्या पाहुण्यासारखे. खिडकीतला उजेड तिरपा त्याच्या पोटात उतरला. अशा उजेडात तिने आयुष्यभर एका वेळी नखाएवढे यंत्र पाहिले होते. आता यंत्राची ओसरी पसरली होती, आणि तिला पहिल्यांदाच भिंगाची गरज नव्हती.

भावाला तिने सकाळीच सांगितले होते, की आतल्या खोलीत बस, आणि धातूचा कसलाही आवाज आला तरी येऊ नकोस. तो दाराच्या चौकटीत उभा राहिला. ती नुसती थांबली. तो आत गेला.

मदरबोर्ड तिने दोन्ही तळव्यांवर उचलला. सगळे भाग जिच्यावर बसतात ती ही हिरवट काळी पाटी विमानातून रात्री दिसणाऱ्या, वस्ती निघून गेलेल्या शहरासारखी होती. प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, बसवणे तिला वाटले त्याहून सोपे गेले: त्याला जोर लागत नाही, फक्त नेमकी दिशा लागते, कोपऱ्यातली खूण खुणेवर येऊ द्यायची आणि सोडायचे. सोडणे तिला जमत होते. धरून ठेवणे हाच प्रश्न होता. मग तिने बोर्ड कॅबिनेटच्या आत उतरवला, हात पुढच्या मोकळ्या जागेत निजवला, आणि पहिला स्क्रू चिमट्यात घेतला.

तो निसटला. बोर्डावर आपटून, काठावरून उडी घेऊन, खाली गेला. आणि खाली काहीच आवाज आला नाही. झोळीने झेलला होता. दुसराही गेला. तिसरा भोकाच्या तोंडाशी येऊन वळवळला. तिने श्वास सोडला, कोपर किंचित मागे सरकवले, हाताचे सगळे वजन पत्र्याला देऊन टाकले. थरथर थांबली नाही. ती थांबणार नव्हती. पण ती आता मनगटापासून पुढे एवढीशी उरली होती, आणि तिच्या लयीत एक पोकळी असते, दोन लाटांमधली, हे तिला कळायला लागले. त्या पोकळीत स्क्रू खाली ठेवायचा. लाट येण्यापूर्वी बोट काढून घ्यायचे.

स्क्रू बसला.

दुपार होईपर्यंत ती असेच करत राहिली. पडले ते झोळीतून काढले, पुन्हा लावले. वीज देणारा जड डबा बसवताना तिला दोन्ही हातांची मिठी घालावी लागली. जाड वायरी, चपट्या वायरी, आणि पुढच्या बटणाच्या त्या दोन टोकांच्या क्षुद्र, बारीक पिना, ज्यांनी तिला सर्वांत जास्त छळले. त्या पिनांपाशी तिला मध्येच रडू येईल असे वाटले, आणि ते येऊ देण्यापूर्वी तिने पिना बसवून टाकल्या. भावजय एकदा चहा ठेवून गेली. कपात निम्माच भरलेला, न सांडण्याइतका.

शेवटी राहिला कूलर, प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा पंख्याचा ठोकळा. त्या दोघांमध्ये उष्णता वाहून नेणारी राखाडी पेस्ट लावायची असते. सोबतच्या कागदावर लिहिले होते, वाटाण्याएवढी. ताईने ते वाचले आणि तिला हसू आले. वाटाणा म्हणजे उधळमाधळ. हे धसमुसळ्या लोकांसाठी लिहिलेले असणार. नानांनी तिला पहिल्या वर्षी फक्त तेल द्यायला शिकवले होते. सुईच्या टोकावर थेंब असा घ्यायचा की तो आहे की नाही याची शंका यावी. जास्त तेल घड्याळाला बुडवते. तिने खणातून तेलाची सुई काढली, तिच्या टोकावर पेस्ट घेतली, आणि प्रोसेसरच्या मधोमध एक ठिपका ठेवला. तो ठेवताना हात जवळजवळ हलला नाही. सबंध दिवसात तेवढा एक क्षण जुन्या दिवसांसारखा होता. मग कूलर बसवून तिने त्याचे चार स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले.

भावाला तिने हाक मारली. तो आला, भावजयही आली. मॉनिटर स्टुलावर ठेवला होता. ताईने बटण दाबले.

पंखे फिरले. पडद्यावर अक्षरे आली. भावाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात तिथेच असताना पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढू लागला, एखादा माणूस जिना धावत चढावा तसा. मग सगळे विझले.

तिने पुन्हा बटण दाबले. पुन्हा आकडा धावला, पुन्हा अंधार.

खोलीत काचकपाटातल्या घड्याळांची टिकटिक पूर्वीपासूनच चालू होती, पण ती आत्ता ऐकू आली. भाऊ खूप मऊ आवाजात म्हणाला की दुकान अजून उघडे असेल. तो मऊपणा तिला सर्वांत जास्त लागला. तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि लंबक दारात आला.

त्याने टेबलावरचे ते धूड पाहिले, तिघांचे चेहरे पाहिले, आणि टेबलाचा विषयच काढला नाही. चपला काढल्या आणि फळीपाशी येऊन, हात मागे बांधून उभा राहिला; दुसऱ्याच्या टेबलावरच्या कामाला हात लावायचा नाही, ही त्यालाही मिळालेली शिकवण. ताईने काय झाले ते सांगितले. तापते, आणि जीव सोडते.

“तापतंय तर उघडा,” लंबक म्हणाला.

बंद पडलेले घड्याळ असेच असते. त्याच्यापुढे हळहळ चालत नाही, ते उघडावे लागते. तिने वीज काढली. कूलरचा पंखा हाताला कोमट लागला. हात पुन्हा आत निजवला, कोपरासकट. आता आत वायरींचे रान माजले होते, तरी तिच्या हाताला पाय पसरायला जागा होती. छोट्या कॅबिनेटमध्ये इथे पोहोचायला सगळे पुन्हा उसवावे लागले असते. तिने चार स्क्रू सोडवले. एकही झोळीत गेला नाही. कूलर उचलला.

प्रोसेसरच्या मधोमध ठिपका होता, दाबून थोडासा पसरलेला, तिळाएवढा. बाकी सगळा धातू कोरडा, चकचकीत.

दोघे घड्याळजी खाली वाकून त्या ठिपक्याकडे पाहत राहिले.

“सुरेख बसलाय,” लंबक म्हणाला. त्याची मान कौतुकाने डावीकडून उजवीकडे गेली. “मी तर याच्या निम्माच दिला असता.”

ताईने त्याच्याकडे पाहिले. मग कागदाकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. आणि तिच्या तोंडून जे फुटले ते तिला आधी हुंदका वाटले. ती हसत होती. फळीला धरून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भावजय घाबरून म्हणाली, “वन्सं, काय झालं?” ती तिला एरवी ताईच म्हणे, वन्सं फक्त रागात किंवा भीतीत.

“निम्मा दिला असता म्हणतोय,” ताईला धड बोलता येईना. “अरे, म्हणजे तो चुकलेलाच आहे. तुला बरोबर वाटतोय ना? मलाही वाटला. हे घड्याळ नाहीये रे. त्यांनी वाटाणा लिहिलाय म्हणजे त्यांना वाटाणाच हवाय.”

लंबकाने तो कागद वाचला आणि त्याचा चेहरा पडला. वाटाणा, त्याने स्वतःशी म्हटले, एखाद्या घराण्याच्या अधःपाताबद्दल बोलावे तसे. भावाला मात्र आता गंमत कळली. त्याला नानांचा तेलाचा धडा तोंडपाठ होता. टेबलाखाली बसून त्याने तो कितीदा ऐकला होता. “नाना असते,” तो म्हणाला, “तर त्यांनी ठिपका पुसून अजून लहान केला असता.”

तिने धातू पुसून कोरडा केला. सुई खणात ठेवून दिली. पेस्टची नळी सरळ हातात घेतली आणि दाबली. हात थरथरला, राखाडी गोळी थोडी वाकडी, थोडी लांबट, पण ऐसपैस वाटाण्याएवढी झाली. थरथरीने तिचे काही बिघडले नाही. वाटाणा वाकडा असला तरी चालतो. कूलर दाबताना पेस्ट कडेकडेपर्यंत पसरत गेल्याचे तिला तळव्याला जाणवले. चार स्क्रू, समोरासमोरचे, थोडे थोडे.

बटण तिने दाबले तेव्हा कोणी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. आकडा चढला, एका पायरीवर थांबला, एक पायरी उतरला, आणि तिथे बसला. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. तो उठेना. भावजय कंटाळून चहा ठेवायला गेली, आणि तेव्हाच सगळ्यांना कळले की यंत्र चालू आहे.

*

चहा झाल्यावर लंबक घुटमळला. मान हलवत म्हणाला, की ताईंचा विचार बदलला असेल तर त्याला वाईट वाटणार नाही. भाऊ या वाक्याची वाटच पाहत होता. कॅबिनेट आतल्या बोळात ठेवता येईल, तो म्हणाला, लांब वायर आणू. आणि आज काम झाले ते याच टेबलावर ना, याच झोळीवर? मग ते का द्यायचे?

ताईने फळीवर हात फिरवला. तिथे नानांच्या कोपरांनी झिजवलेल्या दोन उथळ वाट्या होत्या, आणि त्यांत तिची कोपरे कधीच नीट बसली नव्हती. ती नेहमी थोडी आत बसत. आजचा दिवस त्या टेबलाने तिला दिला होता. पण उद्यापासून तिला ठिपका ठेवायचा नव्हता. आणि हे टेबल ठिपक्यांचे होते. त्याला अजून ठिपका ठेवू शकणारा हात हवा होता.

“झाकून ठेवलेलं टेबल मी पुन्हा बघणार नाही,” ती भावाला म्हणाली. “याच्याकडे ते रोज चालेल.” मग लंबकाला, “झोळी मात्र बदलू नकोस. जुनी दिसते, पण चुकत नाही.”

टेबल उचलताना एक बाजू लंबकाने धरली आणि दुसरी भावाने. दारातून काढताना ते आडवे करावे लागले, तेव्हा झोळीतून काहीतरी टणकन पडले. भाऊ सवयीने खाली बसला, फरशीवर हात फिरवला, आणि एक स्क्रू शोधून त्याने ताईच्या हातावर ठेवला. तो तिच्या यंत्राचा नव्हता. घड्याळाचाही नव्हता; कुठल्या काळातला, कोणाच्या हातून निसटलेला, दोघांनाही ओळखता येईना. तिने तो लंबकाला दिला. झोळीत पडलेले टेबलाचे, असा नियम होता.

खिडकीखालची भिंत उघडी पडली. तिथला रंग बाकीच्या खोलीहून ताजा होता. भावजयीने वह्या तपासायचे आपले बुटके टेबल आणून तिथे ठेवले आणि बजावले, की परीक्षेच्या दिवसांत ते परत लागेल. भावाने न सांगता कॅबिनेट उचलून टेबलाच्या उजव्या अंगाला उभे केले. ते जमिनीवर उभे राहिले तेव्हा त्याचा सलग माथा बरोबर खुर्चीच्या हाताएवढा उंच आला. दुकानात ते तिने मोजले होते की नाही, हे भावाने विचारले नाही, पण तो त्या माथ्याकडे आणि तिच्या कोपराकडे आळीपाळीने पाहत राहिला, आणि मग म्हणाला, “बसून तर बघ.”

ती बसली. उजवे कोपर राखाडी पत्र्यावर टेकवले. पत्रा कोमट होता आणि त्याला स्वतःचीही एक बारीक थरथर होती, पंख्यांची, अखंड. समोर टेबलावर छोट्या पकडीत तिने एका जुन्या घड्याळाचे चाक उभे केले होते, दोन दाते तुटलेले. बाहेर अजून उजेड होता.

तिने माऊसने पडद्यावर पहिली रेघ काढली. ती वाकडी गेली. तिने ती पुसली, कोपर किंचित मागे सरकवले, हाताचे वजन पत्र्याला देऊन टाकले, आणि दोन लाटांमधल्या त्या पोकळीची वाट पाहिली.